चेंडू गमावणाऱ्याची बाजू

२०१६-१७ च्या एनबीए हंगामात ह्यूस्टन रॉकेट्सच्या जेम्स हार्डनने ४६४ वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हवाली केला. ८१ सामने, म्हणजे सामन्यामागे ५.७ वेळा. खेळाडूगणिक टर्नओव्हर नोंदवायला एनबीएने १९७७-७८ मध्ये सुरुवात केली, आणि तेव्हापासून एका हंगामात इतक्या वेळा चेंडू कुणीच गमावलेला नाही. नुसता हा आकडा वाचणाऱ्याला वाटेल की असा माणूस संघात ठेवला तरी कसा? पण आदल्या हंगामात ४१ सामने जिंकलेल्या रॉकेट्सनी त्या हंगामात ५५ जिंकले. प्रत्येक शंभर ताब्यांमागे किती गुण काढले, या हिशेबात फक्त गोल्डन स्टेट वॉरियर्स त्यांच्या पुढे होते. हार्डनचे असिस्ट ९०७, सामन्यामागे ११.२, लीगमध्ये सर्वाधिक. सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात तो दुसरा आला. पहिला आलेल्या रसेल वेस्टब्रुकने त्याच हंगामात ४३८ वेळा चेंडू गमावला होता.

चेंडू गमावल्याने काही बिघडत नाही, असा अर्थ यातून काढू नये. बिघडतं, आणि चांगलंच बिघडतं. शॉट चुकला तर निदान रिबाउंडची आशा असते, आणि आपल्या गड्यांना बचावासाठी मागे पळायला दोन-तीन सेकंद मिळतात. टर्नओव्हरमध्ये यातलं काहीच हाती लागत नाही. एनबीएमध्ये एका ताब्यातून सरासरी एकाहून थोडे अधिक गुण निघतात. ते शॉट न घेताच सोडून द्यायचे आणि वर समोरच्याला मोकळं मैदान द्यायचं. डीन ऑलिव्हर या अभ्यासकाने ‘बास्केटबॉल ऑन पेपर’ या पुस्तकात सामना कशावर जिंकला जातो याचे चार घटक मांडले, तेव्हा नेमबाजीला ४० टक्के आणि त्याखालोखाल टर्नओव्हरला २५ टक्के वजन दिलं. रिबाउंड आणि फ्री थ्रो त्याच्याही खाली.

घोळ होतो तो संघाचा हिशेब जसाच्या तसा एका खेळाडूच्या नावावर लावताना. एनबीएच्या सामन्यात संघाच्या वाट्याला साधारण शंभर ताबे येतात. ते कुणाला तरी हाताळावेच लागतात. पॉइंट गार्ड त्यातले सर्वाधिक आणि सर्वांत अवघड ताबे हाताळतो. त्याने नाही हाताळले तर ते नाहीसे होत नाहीत. संघातल्या दुसऱ्या, बहुधा कमी तयार हातांत जातात. म्हणून पॉइंट गार्डचे टर्नओव्हर मोजताना त्याने चेंडू किती वेळा गमावला, यापेक्षा तो किती वेळा आणि कशासाठी पणाला लावला होता हा प्रश्न मला मोलाचा वाटतो.

हार्डनचंच पाहा. त्या वर्षी नवे प्रशिक्षक माइक डीअँटोनी यांनी त्याला पूर्णवेळ पॉइंट गार्ड केलं. जवळपास प्रत्येक चढाई त्याच्या हातून सुरू व्हायची आणि बहुतेक वेळा पिक अँड रोलने. क्लिंट कपेला येऊन हार्डनच्या बचावपटूला स्क्रीन लावायचा आणि लगेच वळून रिंगकडे धावायचा. रायन अँडरसन, एरिक गॉर्डन असे नेमबाज तीन गुणांच्या रेषेबाहेर पसरून उभे. स्क्रीनवरून सुटलेल्या हार्डनसमोर आता कपेलाचा उंच बचावपटू असतो आणि पाठीमागून स्वतःचा बचावपटू पळत येत असतो. उंच गडी मागे हटला तर हार्डन स्वतः रिंगपर्यंत जाणार. तो अंगावर आला तर कपेला मोकळा. मग दोघांच्या मधल्या हातभर फटीतून टप्पा पाडून पास द्यायचा किंवा रिंगजवळ उंच लॉब फेकायचा. कपेलाला अडवायला कोपऱ्यातला तिसरा बचावपटू आत सरकला तर त्या कोपऱ्यातला नेमबाज मोकळा, म्हणजे मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोन-तीन पसरलेल्या हातांवरून पास. हे सगळं वाचायला हाताशी फार तर सेकंद असतो. बचाव करणारेही मुरलेले असतात. आत सरकल्याचं नुसतं दाखवून तो तिसरा गडी कोपऱ्याकडेच झेपावतो, आणि पास त्याच्या हातात जाऊन पडतो.

असा निर्णय एका रात्रीत पन्नास-साठ वेळा घ्यावा लागला तर पाच-सहा वेळा चुकणारच. मात्र ओझ्यालाही मर्यादा असते. त्याच मोसमाच्या प्लेऑफमध्ये सॅन अँटोनिओ स्पर्सविरुद्धच्या पाचव्या सामन्यात हार्डनने ३३ गुण, १० रिबाउंड, १० असिस्ट केले आणि ९ वेळा चेंडू गमावला. रॉकेट्स हरले. सहाव्या सामन्यात तो पार थकलेला दिसत होता, आणि रॉकेट्सचा ११४-७५ असा धुव्वा उडाला. उन्हाळ्यात ह्यूस्टनने ख्रिस पॉलला आणलं. पुढच्या हंगामात हार्डनचे टर्नओव्हर ५.७ वरून ४.४ वर आले, संघाने ६५ सामने जिंकले आणि हार्डनला सर्वोत्तम खेळाडूचा किताब मिळाला. हातातलं कसब एका उन्हाळ्यात इतकं बदलत नाही. बदलली होती कामाची वाटणी.

ओझं मोजायची एक प्रचलित पद्धत आहे, पण नेमकी पॉइंट गार्डच्या बाबतीत ती फसते. टर्नओव्हर टक्केवारी काढताना खेळाडूचे शॉट, फ्री थ्रोच्या संख्येचा ०.४४ पट आणि टर्नओव्हर यांची बेरीज करून टर्नओव्हरला तिने भागतात. या बेरजेत पास कुठेच नाही. समजा एकाने १८ शॉट मारले, कुणाला फारसा पास दिला नाही आणि दोनदा चेंडू गमावला. फ्री थ्रो बाजूला ठेवले तर त्याची टक्केवारी १०. दुसऱ्याने ६ शॉट मारले, १२ असिस्ट दिले आणि दोनदाच चेंडू गमावला. त्याची टक्केवारी २५. सहकाऱ्यांना डझनभर बास्केट मिळवून देणारा कागदावर अडीचपट बेफिकीर ठरला! सूत्र चुकीचं नाही. ते स्वतः गुण करणाऱ्या खेळाडूंसाठी ठीक आहे. पास देणं हेच ज्याचं मुख्य काम, त्याला ते लावू नये.

मग असिस्ट आणि टर्नओव्हर यांचं गुणोत्तर घ्यावं, असं कुणीही सुचवेल. ते घेतलं जातंच. त्या यादीत वर्षानुवर्षं वर झळकणारं नाव म्हणजे टायस जोन्स. २०२३-२४ मध्ये वॉशिंग्टन विझार्ड्सकडून खेळताना त्याने सामन्यामागे ७.३ असिस्ट दिले आणि चेंडू गमावला जेमतेम एकदा. हार्डनचं विक्रमी हंगामातलं गुणोत्तर दोनालाही थोडं कमी पडतं. जोन्सचं सातच्या वर. विझार्ड्सनी त्या हंगामात ८२ पैकी १५ सामने जिंकले, आणि पुढच्या उन्हाळ्यात जोन्सने फीनिक्स सन्सशी किमान वेतनाचा एका वर्षाचा करार केला. संघाच्या पराभवांचं खापर त्याच्यावर फोडणं अन्यायाचं होईल. तो नीटनेटका, विश्वासू खेळाडू आहे आणि मेम्फिसमध्ये राखीव पॉइंट गार्ड म्हणून त्याने फार मोलाचं काम केलं होतं. पण मला वाटतं, चेंडू न गमावण्याच्या कौशल्याची किंमत संघ कशी लावतात हे त्यातून कळतं. बचाव मोडणारा आणि बचाव मोडल्यावर चेंडू नीट पुढे देणारा यांच्या मोबदल्यात कोटींचा फरक असतो.

कबड्डी पाहणाऱ्याला हे लगेच पटेल. बोनस रेषेच्या अलीकडे घुटमळून दर वेळी सुखरूप परतणाऱ्या चढाईपटूची कधी पकड होत नाही, पण त्याच्या रिकाम्या चढायांनी संघाच्या गुणफलकावर काही पडतही नाही. पकड झालीच नाही म्हणून त्याला उत्तम चढाईपटू कुणी म्हणत नाही.

चेंडू पणाला लावण्याचा धोका आकड्यांत मांडून पाहता येतो. समजा पॉइंट गार्डपुढे दोन वाटा आहेत. एक, फटीतून रिंगजवळ पास. तो पोचला तर त्यातून सरासरी १.४ गुण येतात, कारण रिंगखालचे शॉट बहुतेक पडतात. दुसरी, चेंडू सुरक्षित बाजूला देऊन डाव पुन्हा मांडणं. त्यातून सरासरी १ गुण. पास हुकला तर आपला ताबा शून्यावर जातो, शिवाय प्रतिस्पर्ध्याच्या फास्ट ब्रेकमुळे आणखी ०.३ गुणांचं नुकसान धरू. आता असे १०० पास टाकले आणि त्यातले २० हुकले तर काय? ८० पासांचे ११२ गुण, वजा २० पासांचे ६, म्हणजे १०६. सुरक्षित वाटेचे १००. पाचातला एक पास गमावूनही संघ नफ्यात राहिला. नफा-तोट्याची रेषा चारातला एक पास हुकण्याच्या जरा अलीकडे येते. आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत. पण शॉट क्लॉकवर ६ सेकंद उरले असताना सुरक्षित वाटेचे गुण १ वरून बरेच खाली येतात, आणि मग आणखी धाडसी पाससुद्धा योग्य ठरतो. चांगला पॉइंट गार्ड हे गणित मनात करत नसेल, पण त्याच्या अंगात ते मुरलेलं असतं.

काही गोष्टी तर टर्नओव्हरच्या रकान्यात येतच नाहीत. एखादा पॉइंट गार्ड १८ सेकंद चेंडू टप्पे मारत ठेवतो, काही सुचत नाही, आणि शेवटी तो रेषेबाहेर उभ्या सहकाऱ्याच्या हातात कोंबतो. सहकारी घाईघाईने, बचावपटूच्या हातावरून काहीतरी भिरकावतो. शॉट चुकतो, चुकलेला शॉट सहकाऱ्याच्या नावे. २४ सेकंद संपलेच तर तो टर्नओव्हर संघाच्या नावावर जातो. ताबा वाया घालवणारा माणूस दोन्ही वेळा निष्कलंक! उलट, अचूक पास सहकाऱ्याच्या हातातून निसटून बाहेर गेला तर तो कुणाचा टर्नओव्हर हे आकडे टिपणाऱ्याने ठरवायचं. एनबीएतले जुने आकडे याहून तोकडे आहेत. सलग आठ हंगाम असिस्टमध्ये पहिला राहिलेला बॉब कूझी किंवा अख्ख्या हंगामात ट्रिपल डबलची सरासरी राखणारा ऑस्कर रॉबर्टसन यांनी किती चेंडू गमावले, हे कधीच कळणार नाही.

असिस्टचा आकडाही तितकाच सांभाळून वाचायला हवा. असिस्ट पडतो सहकाऱ्याचा शॉट पडला तरच. तुम्ही बचाव फोडून नेमबाजाला एकटा उभा केलात आणि त्याचा नेम चुकला, तर तुमच्या नावावर शून्य. पास मिळालेल्याला फाउल झाला आणि त्याने दोन फ्री थ्रो टाकले, तरी एनबीएत असिस्ट नाही. फिबा या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत तो मिळतो. ज्या पासने बचाव खरा विस्कटला त्याच्या पुढच्या, अगदी सोप्या पासला असिस्ट मिळतो आणि आधीचा विस्मृतीत जातो. २०१३-१४ पासून एनबीएच्या सर्व मैदानांत छताला कॅमेरे बसले, आणि तेव्हापासून शॉट पडो न पडो, ज्या पासातून शॉट मिळाला तो पासही मोजला जातो. असिस्टच्या आधीचा पास आणि फ्री थ्रो मिळवून देणारा पास यांचेही आता स्वतंत्र रकाने आहेत. एखाद्या प्लेमेकरचा अंदाज घ्यायचा तर मी असिस्टआधी हे रकाने पाहीन.

आणि त्यानंतर पाहीन की असिस्ट कुठल्या शॉटला जातात. बॉस्टन सेल्टिक्सचा राजन रॉन्डो २०११-१२ मध्ये सामन्यामागे ११.७ असिस्ट देऊन लीगमध्ये पहिला होता. त्या सुमारास सलग ३७ सामन्यांत त्याने दहा किंवा जास्त असिस्ट दिले. सेल्टिक्सचं आक्रमण मात्र लीगमध्ये तळाच्या संघांत गणलं जात होतं. प्लेऑफमध्ये पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत सातव्या सामन्यापर्यंत ते पोचले ते बचावाच्या बळावर. रॉन्डोची दृष्टी अफाट होती, याबद्दल मला शंका नाही. पण त्याच्या पासांतले बरेचसे दोन गुणांच्या लांब शॉटसाठी जात, आणि त्याच्या बाहेरच्या शॉटची भीती नसल्याने त्याचा बचावपटू मागे हटून आतली वाट अडवत असे. असिस्टचा ढीग होता, संघाला सोपे गुण नव्हते. याच्या उलट स्टीव्ह नॅश. २००३-०४ मध्ये फीनिक्स सन्सनी २९ सामने जिंकले होते. नॅश आला आणि २००४-०५ मध्ये ६२ जिंकले, लीगमधलं सर्वोत्तम आक्रमण त्यांचं होतं. बाकीही बदल झाले होते, श्रेय एकट्याचं नाही. तरी तो मैदानात असताना संघ कसे गुण काढतो आणि तो बाकावर बसल्यावर काय होतं, ही कसोटी नॅशसारख्यांच्या बाबतीत असिस्टच्या सरासरीपेक्षा जास्त खरं सांगते.

टर्नओव्हरमध्येही सगळे सारखे नसतात. पास मैदानाबाहेर गेला, आक्रमकाने धक्का दिला, ट्रॅव्हलिंग झालं, तर पंच शिट्टी वाजवतात, खेळ थांबतो, बचाव पुन्हा रचता येतो. नुकसान एका ताब्याचं. पण रेषेबाहेर आडवा, आळसावलेला पास मधल्यामध्ये पकडला गेला तर समोर फक्त मोकळं मैदान असतं. त्यातून बहुधा ले-अपच होतो. म्हणून हार्डनचा फसलेला लॉब मी माफ करतो, आणि तो अर्धा झोपेत टाकलेला आडवा पास मात्र करत नाही. त्यात मिळवण्यासारखं काहीच नसतं आणि गमावण्यासारखं सगळं असतं. २०१६ च्या अंतिम फेरीतल्या सातव्या सामन्यात शेवटची पाच-एक मिनिटं उरली असताना वॉरियर्सच्या स्टीफन करीने क्ले थॉम्प्सनकडे पाठीमागून पास फेकला आणि तो सरळ मैदानाबाहेर गेला. फास्ट ब्रेक मिळाला नाही, एका ताब्याचंच नुकसान. पण छातीसमोरून दिलेला साधा पास तिथे पुरेसा होता, आणि वॉरियर्स तो सामना ८९-९३ असा हरले. धोक्याच्या बदल्यात वाढीव काही मिळणार नव्हतं, हा त्या पासावरचा खरा आक्षेप.

समोरचा त्या चुकीचं काय करतो, यावरही किंमत ठरते. २०२५ च्या अंतिम फेरीच्या पहिल्या सामन्यात इंडियाना पेसर्सनी पहिल्या अर्ध्यातच १९ टर्नओव्हर केले, तेही बचावासाठी दबदबा असलेल्या ओक्लाहोमा सिटी थंडरविरुद्ध. थंडरला त्यांचं गुणांत रूपांतर फारसं करता आलं नाही, कारण पेसर्स जीव तोडून मागे पळत राहिले. टायरीस हॅलिबर्टनने ०.३ सेकंद उरले असताना शॉट टाकला आणि पेसर्स १११-११० असे जिंकले.

हॅलिबर्टन आतापर्यंतच्या सगळ्या विवेचनाला अवघड प्रश्न विचारतो. २०२४-२५ मध्ये त्याचे सामन्यामागे ९.२ असिस्ट आणि टर्नओव्हर अवघे १.६. त्या वर्षीच्या पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत न्यू यॉर्क निक्सविरुद्ध चौथ्या सामन्यात त्याने ३२ गुण, १५ असिस्ट आणि १२ रिबाउंड केले, आणि एकदाही चेंडू गमावला नाही. म्हणजे जोन्सचा नीटपणा आणि हार्डनचं उत्पादन एकाच माणसात? बऱ्याच अंशी, हो. ते जमतं कारण तो चेंडू हातात फार वेळ ठेवत नाही. रिबाउंड मिळताच बचाव उभा राहण्याआधी मैदानाच्या पुढच्या भागात पास फेकतो. उडी मारून हवेतून पास देतो, जे करू नका असं प्रत्येक शिकाऊला सांगितलं जातं, कारण हवेत वाट बंद झाली तर परतायला जागा नसते; हॅलिबर्टन उडी मारण्याआधीच कोण मोकळा होणार हे ताडून ठेवतो. रिंगखालच्या गर्दीत अंग झोकून फाउल मिळवणं हा मात्र त्याचा खेळ नाही, आणि हार्डनचे कितीतरी टर्नओव्हर त्याच गर्दीत व्हायचे. त्या फेरीच्या पाचव्या सामन्यात निक्सनी त्याला पूर्ण मैदानभर चिकटून धरलं. हॅलिबर्टनने ७ शॉट घेतले, ८ गुण आणि ६ असिस्ट केले, आणि पेसर्स १७ गुणांनी हरले. टर्नओव्हर त्याही दिवशी मोजकेच होते. त्या दिवशी त्याने चेंडू थोडा जास्त पणाला लावायला हवा होता, असं मला आजही वाटतं.

आपल्याकडे शाळा-कॉलेजच्या स्पर्धांत कॅमेरे नसतात, आणि अधिकृत स्कोअरशीटवर गुण, फाउल, टाइम आउट यापलीकडे काही लिहिलं जात नाही. त्यामुळे पॉइंट गार्डच्या चुका बाकावरच्या प्रशिक्षकाच्या आठवणीवर तोलल्या जातात, आणि आठवण नेहमी शेवटची, सामना घालवणारी चूक धरून बसते. राखीव खेळाडूंपैकी एकाच्या हाती वही-पेन्सिल दिली तर हे बदलतं. प्रत्येक टर्नओव्हरसमोर चार गोष्टी लिहायच्या: घड्याळात किती वेळ होता, काय करायचा प्रयत्न होता, खेळ थांबला की चालू राहिला, आणि पुढच्या ताब्यात समोरच्यांनी गुण केले का. त्याच पानावर, पॉइंट गार्डच्या पासवरून मिळालेला प्रत्येक मोकळा शॉट, पडला वा न पडला, एका रेघेने टिपायचा. चार-पाच सामन्यांत नक्षी दिसू लागते. एखाद्या मुलीचे निम्मे टर्नओव्हर डाव्या हाताने टप्पा मारताना होतात. तिला डाव्या हाताचा सराव द्यायचा. एखाद्याचे सगळे चौथ्या क्वार्टरमध्ये येतात. त्याला तिसऱ्यात तीन मिनिटं बसवायचं आणि चेंडू दुसऱ्या कुणाकडे द्यायचा. आणि एखाद्या पानावर टर्नओव्हर एकही नाही, पण रेघाही दोनच, असं दिसलं तर पुढच्या सरावात त्या मुलाला पिक अँड रोलमधला फटीतला पास पुन्हा पुन्हा टाकायला लावायचा, हुकला तरी.